स्वदेशी, समरसता आणि भांडवलशाही: विरोध नेमका कशाला?

गेल्या काही वर्षांत आंबेडकरी वस्त्यांमधल्या कार्यक्रमांत एक मांडणी पुन्हापुन्हा ऐकू येते. वक्ता चांगला तयारीचा असतो. तो म्हणतो, भांडवलशाही पाश्चात्त्य आहे, साम्यवादही पाश्चात्त्य आहे, दोन्हींनी माणसाचे वाटोळे केले. भारताचा स्वतःचा तिसरा मार्ग आहे. खासगीकरणावर तो तुटून पडतो, बहुराष्ट्रीय कंपन्यांना झोडपतो, कंत्राटी कामगारांबद्दल कळवळ्याने बोलतो. शेवटी बाबासाहेबांचा मार्क्सवादाशी असलेला मतभेद सांगून तो म्हणतो की बाबासाहेबांनाही हेच म्हणायचे होते.

आपले अनेक तरुण इथे अडखळतात. खासगीकरणाला, कंत्राटीकरणाला आपलाही विरोध आहे. मग हा माणूस आपलाच झाला की काय? 'तो संघाचा आहे' एवढे म्हणून विषय संपवणे सोपे आहे, पण त्याने समोरच्या तरुणाचे समाधान होत नाही. त्यापेक्षा या राष्ट्रवादी विचारवंतांनी भांडवलशाहीला विरोध कशाच्या आधारावर केला, त्यांचे सरकारांवर किती चालले आणि बाबासाहेबांचा भांडवलशाहीविरोध यापेक्षा कुठे वेगळा आहे, हे नीट समजून घेतले पाहिजे.

मुंबईतली चार भाषणे

या परंपरेचा मूळ ग्रंथ म्हणजे पंडित दीनदयाळ उपाध्याय यांची चार व्याख्याने. २२ ते २५ एप्रिल १९६५ या चार दिवसांत ती मुंबईत झाली. 'एकात्म मानववाद' या नावाने ती पुस्तकरूपात आली आणि भारतीय जनसंघाने तो आपला अधिकृत सिद्धान्त केला. आजच्या भारतीय जनता पक्षाच्या घटनेतही पक्षाचे मूलभूत तत्त्वज्ञान म्हणून त्याचेच नाव आहे.

ही व्याख्याने आपल्या कार्यकर्त्यांनी वाचलेली नसतात, हा एक तोटाच आहे. त्यात काय आहे? भांडवलशाही माणसाला केवळ पैसा कमावणारा प्राणी समजते आणि साम्यवाद त्याला राज्ययंत्रातला खिळा करून टाकतो, असे उपाध्याय म्हणतात. माणूस म्हणजे शरीर, मन, बुद्धी आणि आत्मा यांचा एकत्रित विचार; म्हणून अर्थव्यवस्थाही तशी हवी. प्रत्येकाला काम मिळाले पाहिजे, किमान जीवनमानाची हमी हवी, यंत्र माणसासाठी असावे, उद्योग विकेंद्रित असावेत, स्वदेशीवर भर असावा. यातल्या बऱ्याच गोष्टींवर कोणी हरकत घेणार नाही. गांधीवादीही हेच म्हणत होते, काही समाजवादीही.

प्रश्न पुढे येतो. भांडवलशाही आणि साम्यवाद या दोन्हींमध्ये उपाध्यायांना एक समान दोष दिसतो, तो म्हणजे संघर्ष. एकात व्यक्तींची स्पर्धा, दुसऱ्यात वर्गांचे युद्ध. भारतीय विचार मात्र समाजाला एक जिवंत देह मानतो, असे त्यांचे म्हणणे. शरीराचे अवयव एकमेकांशी भांडत नाहीत. आणि या देहाचे उदाहरण म्हणून ते कशाकडे बोट दाखवतात? चार वर्णांकडे. विराट पुरुषाचे मुख, बाहू, मांड्या आणि पाय यांच्यापासून झालेले चार वर्ण परस्परपूरक आहेत, त्यांचे हित एकच आहे, त्यांच्यात विरोध असूच शकत नाही, असे ते सांगतात. प्रत्यक्षात संघर्ष दिसतो ती विकृती आहे, मूळ व्यवस्था तशी नाही, हा त्यांचा खुलासा.

म्हणजे मालक-मजूर संघर्षाला उत्तर म्हणून जी एकात्मता पुढे केली जाते तिचा नमुना पुरुषसूक्त आहे. बाबासाहेबांनी १९४६ साली 'शूद्र पूर्वी कोण होते' हा ग्रंथ लिहिला, त्याची सुरुवातच पुरुषसूक्ताच्या चिकित्सेने होते, हे इथे आठवावे. वर्णांची विषमता जगात इतरत्रही वेगवेगळ्या रूपांत होती. पण तिला विश्वनिर्मितीचा भाग करून पवित्र ठरवण्याचे काम या सूक्ताने केले, हा त्यांचा मुद्दा. त्याही आधी, अडीच हजार वर्षांपूर्वी, तथागतांनी अग्गञ्ञ सुत्तात वासेट्ठ आणि भारद्वाज यांना हेच सांगितले होते: ब्रह्म्याच्या मुखातून जन्मल्याचा दावा करणारेही इतरांसारखेच आईच्या पोटी जन्मतात.

अवयवांची उपमा ऐकायला गोड असते. पण पायाने कधी ठरवले नाही की आता मी डोके होतो, आणि शरीरात तशी सोयही नाही. ज्याला बढती हवी, जमीन हवी, आपल्या मुलाने वेगळे काम करावे असे वाटते, त्या माणसाला या उपमेत जागा नाही. तो 'विकृती' ठरतो.

आर्वीचे ठेंगडी

उपाध्यायांनी सिद्धान्त दिला, पण त्याला कामगारांत आणि शेतकऱ्यांत नेणारा माणूस विदर्भातला. दत्तोपंत ठेंगडी यांचा जन्म १० नोव्हेंबर १९२० रोजी वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीचा. २३ जुलै १९५५ रोजी, लोकमान्य टिळकांच्या जयंतीदिनी, त्यांनी भोपाळला भारतीय मजदूर संघ स्थापन केला. १९६४ ते १९७६ अशी बारा वर्षे ते राज्यसभेत होते. १९७९ मध्ये भारतीय किसान संघ आणि १९९१ मध्ये स्वदेशी जागरण मंच या संघटनाही त्यांनीच उभ्या केल्या. संघटक म्हणून त्यांचे कर्तृत्व मोठे होते. १९५५ ला शून्यातून सुरू झालेली मजदूर संघटना १९८० च्या दशकाअखेरच्या सरकारी सदस्यपडताळणीत देशात पहिल्या क्रमांकावर आली. लाल बावट्याच्या संघटनांना मागे टाकून.

त्यांनी कामगार चळवळीची भाषा कशी बदलली ते पाहण्यासारखे आहे. १ मे हा कामगार दिन त्यांना परका वाटला, त्याऐवजी विश्वकर्मा जयंती आली. 'जगातील कामगारांनो, एक व्हा' ही घोषणा उलटवून 'कामगारांनो, जगाला एक करा' असे केले गेले. उद्योग हे कुटुंब, मालक आणि कामगार दोघेही राष्ट्राचे सेवक, संप हे शेवटचे हत्यार. वेतन, बोनस, नोकरीची सुरक्षा या मागण्या मात्र त्यांनी सोडल्या नाहीत. सोडल्या असत्या तर कामगार त्यांच्याकडे आलाच नसता.

याच ठेंगडींच्या पुढाकाराने १४ एप्रिल १९८३ रोजी पुण्यात सामाजिक समरसता मंच स्थापन झाला. त्या दिवशी आंबेडकर जयंती आणि गुढीपाडवा एकत्र आले होते, आणि पाडवा ही तिथीनुसार डॉ. हेडगेवारांची जयंती. दिवसाची निवड बरेच काही सांगून जाते. आपण समरसतेला एक वेगळा, सांस्कृतिक विषय समजतो आणि स्वदेशीला आर्थिक. पण दोन्हींचा कर्ता एक आहे आणि दोन्हींमागचा विचारही एकच. कारखान्यात मालक-मजूर समरस, गावात सवर्ण-दलित समरस. समता हा शब्द मोजता येतो: कोणाकडे किती जमीन, कोणाच्या हाती किती पदे, किती पगार. समरसता मोजता येत नाही.

ठेंगडींनी बाबासाहेबांवर पुस्तकही लिहिले आणि १९५४ च्या भंडारा पोटनिवडणुकीत आपण बाबासाहेबांसाठी काम केले असे संघसाहित्यात सांगितले जाते. आपल्या काही मंडळींना हा दावा ऐकून राग येतो. मला तो वादाचा मुख्य विषयच वाटत नाही. कोण कोणासोबत चार दिवस प्रचाराला होता यावरून विचार ठरत नाही.

१९९१ नंतर

जुलै १९९१ मध्ये नरसिंह राव सरकारने उदारीकरण सुरू केले. त्याच वर्षी २२ नोव्हेंबरला नागपुरात स्वदेशी जागरण मंच स्थापन झाला. त्याचे पहिले निमंत्रक होते डॉ. मा. गो. बोकरे, नागपूर विद्यापीठाचे माजी कुलगुरू आणि एके काळचे मार्क्सवादी अर्थशास्त्रज्ञ. पुढे त्यांनी 'हिंदू इकॉनॉमिक्स' हे पुस्तक लिहिले. मार्क्सवादातून आलेला माणूस हिंदू अर्थशास्त्र लिहितो, ही त्या दशकातली एक लक्षणीय गोष्ट आहे. सोव्हिएत संघ त्याच डिसेंबरात विसर्जित झाला होता. भांडवलशाहीविरोधाची जागा रिकामी पडत होती आणि ती भरायला राष्ट्रवाद तयार होता.

चेन्नईचे चार्टर्ड अकाउंटंट एस. गुरुमूर्ती हे या मंचाचे आणखी एक महत्त्वाचे नाव. १९८० च्या दशकात 'इंडियन एक्स्प्रेस'मधून त्यांनी रिलायन्स उद्योगसमूहाविरुद्ध लेखमाला चालवली होती, म्हणजे देशी भांडवलदारावर लिहिण्याचे धाडसही या परंपरेत कधीकधी होते. १९९५ मध्ये ठेंगडींचे 'थर्ड वे' आले. डंकेल प्रस्ताव, जागतिक व्यापार संघटना, बियाण्यांचे पेटंट यांविरुद्ध मंचाने सभा घेतल्या, आणि त्या सभांना कधी डावे तर कधी समाजवादीही व्यासपीठावर असत.

मग यांचा पक्ष सत्तेवर आला.

एन्रॉन: कोकणातला धडा

रत्नागिरी जिल्ह्याच्या गुहागर तालुक्यातला दाभोळ वीजप्रकल्प आजच्या पंचविशीतल्या तरुणांना ठाऊक नसेल. म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

जून १९९२ मध्ये महाराष्ट्र राज्य वीज मंडळाने एन्रॉन या अमेरिकी कंपनीशी सामंजस्य करार केला. स्पर्धात्मक निविदा नाहीत, वीज महाग, आणि कंपनीला देणी दिली गेली नाहीत तर राज्य सरकारची हमी, त्याच्यावर केंद्राची प्रतिहमी. १९९५ च्या विधानसभा निवडणुकीत शिवसेना-भाजप युतीने हा मुद्दा तापवला. एन्रॉन अरबी समुद्रात बुडवण्याची भाषा झाली. स्वदेशी जागरण मंच आघाडीवर होता. युती सत्तेवर आली, गोपीनाथ मुंडे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि ३ ऑगस्ट १९९५ रोजी प्रकल्प रद्द झाल्याची घोषणा झाली.

राष्ट्रवादी भांडवलशाहीविरोधाचा तो सर्वांत मोठा विजय. तो टिकला सुमारे पाच महिने.

कंपनीशी पुन्हा वाटाघाटी झाल्या आणि जानेवारी १९९६ मध्ये त्याच सरकारने नव्या कराराला मान्यता दिली. प्रकल्प लहान झाला नाही. दोन्ही टप्पे मिळून २,००० मेगावॉटच्या वरच राहिला. मे १९९६ मध्ये केंद्रात वाजपेयींचे तेरा दिवसांचे सरकार आले. बहुमत नाही हे स्पष्ट दिसत असताना, विश्वासदर्शक ठरावाच्या त्या धावपळीत, या सरकारने घेतलेल्या थोड्या निर्णयांपैकी एक म्हणजे एन्रॉनच्या प्रतिहमीला मंजुरी.

आणि गावे? वेलदूर, अंजनवेल, रानवी इथल्या शेतकऱ्यांनी, कोळ्यांनी आंदोलन चालूच ठेवले होते. १९९७ मध्ये त्यांच्यावर लाठ्या पडल्या, बायकांना घरातून ओढून अटका झाल्या. या दडपशाहीची नोंद ॲम्नेस्टी इंटरनॅशनल आणि ह्यूमन राइट्स वॉच या संस्थांनी आपल्या अहवालांत केली आहे. पोलीस महाराष्ट्राचे होते, सरकार युतीचे होते. पुढे वीज इतकी महाग पडली की २००१ मध्ये वीज मंडळाने ती घेणे थांबवले, आणि त्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकेत एन्रॉनचे दिवाळे निघाले.

इथे एक गोष्ट नीट बघा. स्वदेशीवाद्यांचा आक्षेप 'कंपनी परकी आहे' यावर उभा होता. करार 'सुधारला', देशहित साधले गेले असे जाहीर झाले, की त्या आक्षेपाची धार गेली. ज्याची जमीन गेली, ज्याची मासेमारी गेली, त्याचा आक्षेप मात्र कंपनी कोणत्या देशाची यावर अवलंबूनच नव्हता.

वजन होते, पण किती?

या विचारवंतांचा काहीच प्रभाव नव्हता असे म्हणणे खोटे ठरेल. १९९८ मध्ये वाजपेयींना जसवंत सिंह अर्थमंत्री हवे होते. संघाच्या विरोधामुळे ते खाते यशवंत सिन्हांकडे गेले, हे त्या काळी उघड बोलले गेले. फेब्रुवारी २००१ च्या अर्थसंकल्पात सिन्हांनी प्रस्ताव मांडला की १,००० पर्यंत कामगार असलेल्या कारखान्यांना सरकारी परवानगीशिवाय कामगार कमी करता यावेत. तेव्हा ही मर्यादा १०० होती. त्या एप्रिलमध्ये भारतीय मजदूर संघाने दिल्लीच्या रामलीला मैदानावर प्रचंड मेळावा घेतला आणि ठेंगडींनी आपल्याच परिवारातल्या सरकारवर कडक शब्दांत टीका केली. तो प्रस्ताव कायदा झाला नाही. २००३ मध्ये ठेंगडींनी पद्मभूषण नाकारले. २०१५ मध्ये भूसंपादन अध्यादेश मागे पडला, त्यात विरोधी पक्ष आणि शेतकरी संघटनांइतकाच घरातल्या मजदूर संघ आणि किसान संघाचाही विरोध कारणीभूत होता. नोव्हेंबर २०१९ मध्ये भारताने आशियाई देशांच्या मोठ्या व्यापार करारातून अंग काढले, त्यामागे स्वदेशी जागरण मंचाची मोहीम होती.

दुसऱ्या बाजूचा हिशोब असा. विमा क्षेत्र खासगी कंपन्यांना आणि २६ टक्क्यांपर्यंत परकी भांडवलाला खुले करणारा कायदा डिसेंबर १९९९ मध्ये वाजपेयी सरकारने केला. त्याच सरकारने निर्गुंतवणुकीसाठी स्वतंत्र खाते उभारले आणि २००१ मध्ये बाल्को ही सरकारी ॲल्युमिनियम कंपनी ५५१.५ कोटी रुपयांना ५१ टक्के विकली. २०२० मध्ये औद्योगिक संबंध संहिता आली तेव्हा परवानगीशिवाय कामगार कमी करण्याची मर्यादा १०० वरून ३०० वर गेली. मजदूर संघाने चार संहितांपैकी दोन स्वागतार्ह मानल्या आणि दोहोंवर आक्षेप घेतला. पण इतर केंद्रीय कामगार संघटनांच्या संयुक्त संपांत तो उतरत नाही. २ सप्टेंबर २०१५ च्या संपातून त्याने ऐन वेळी माघार घेतली होती. गुरुमूर्ती २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या संचालक मंडळावर गेले.

या दोन याद्या शेजारी ठेवल्या की एक आकृती दिसते. परका माल, परकी कंपनी, परका करार असेल तर या विचारवंतांचे ऐकले जाते, कधीकधी निर्णायकपणे. देशी भांडवलाला हवे असलेले धोरण असेल तर निषेधाचे ठराव होतात, सभा होतात, आणि धोरण थोड्या उशिराने पण पुढे जाते. त्यात निषेधाचाही उपयोग होतो: नाराज कामगार घरातच राहतो, बाहेर जात नाही. सत्ताधारी पक्ष आणि त्याचा टीकाकार एकाच परिवारात असल्याचा हा फायदा आहे. आपल्या चळवळीला असा फायदा कधी मिळाला नाही आणि मिळूही नये.

जुन्या जनसंघाचेही तेच होते. १९५९ मध्ये काँग्रेसने नागपूर अधिवेशनात सहकारी शेतीचा ठराव केला, त्याला जनसंघाचा कडवा विरोध. १९६९ चे बँक राष्ट्रीयीकरण, नंतर संस्थानिकांचे तनखे रद्द करण्याचे विधेयक, दोन्हींना विरोध. भांडवलशाही नको असे म्हणणारा पक्ष मालमत्तेला प्रत्यक्ष हात लागला की कुठल्या बाजूला उभा राहतो, ते इथे दिसते.

चांगले भांडवल, वाईट भांडवल

हा प्रकार फक्त भारताचा नाही. पहिल्या महायुद्धानंतरच्या जर्मनीत गॉटफ्रीड फेडर नावाचा अभियंता 'व्याजाच्या गुलामगिरी'विरुद्ध लिहीत असे. त्याने भांडवलाचे दोन भाग केले: कारखाने उभारणारे 'निर्माते' भांडवल, ते जर्मन आणि चांगले, आणि बँकांचे, सट्ट्याचे 'ओरबाडणारे' भांडवल, ते ज्यूंचे आणि वाईट. २४ फेब्रुवारी १९२० रोजी म्युनिकमध्ये नाझी पक्षाचा २५ कलमी कार्यक्रम जाहीर झाला त्यात व्याजाची गुलामगिरी मोडण्याचे, मोठ्या उद्योगांत नफ्याचा वाटा देण्याचे कलम होते. सत्ता आल्यावर २ मे १९३३ रोजी कामगार संघटनांची कार्यालये ताब्यात घेतली गेली, मोठे कारखानदार जागेवर राहिले, आणि १९३४ संपेपर्यंत फेडरला मंत्रालयातून घरी पाठवण्यात आले. ज्यूंचे काय झाले ते जगाला माहीत आहे.

भारतातले स्वदेशीवादी म्हणजे नाझी, असे मी म्हणत नाही, आणि आपल्या कार्यकर्त्यांनीही अशी सरधोपट विधाने टाळावीत. इतिहास, संघटना, परिणाम सारेच वेगळे. तुलना फक्त युक्तिवादाच्या घडणीची आहे. शोषण कोण कोणाचे करतो हा प्रश्न बाजूला सारून शोषक आपला की परका हा प्रश्न मध्ये आणला, की भांडवलशाहीविरोध चालू ठेवूनही भांडवलाला धक्का लागत नाही.

मनमाडला काय सांगितले गेले

फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जीआयपी रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. तिथे बाबासाहेबांनी सांगितले की कामगारांचे शत्रू दोन: ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. ब्राह्मणशाही म्हणजे ब्राह्मण समाज नव्हे, हे त्यांनी लगेच स्पष्ट केले; स्वातंत्र्य, समता आणि बंधुता यांचा नकार म्हणजे ब्राह्मणशाही, आणि ती सर्व जातींत असू शकते.

हे वाक्य आपण भिंतींवर रंगवतो, पण त्या भाषणातले तपशील विसरतो. बाबासाहेब तिथे उदाहरणे देतात. रेल्वेत अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून आयुष्य काढतो, वर चढत नाही. त्याला हमाल म्हणूनही घेत नाहीत, कारण स्टेशनमास्तर हमालाकडून घरचे काम करून घेतो आणि अस्पृश्य घरात कसा चालेल? मुंबईच्या गिरण्यांत तर जास्त पगाराचे विणकाम खाते अस्पृश्यांना बंदच होते. धोट्याच्या छिद्रातून सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडाला लागलेला धोटा सवर्ण कामगार कसा वापरणार? १९२८ च्या गिरणी संपावेळी बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांपुढे हाच प्रश्न ठेवला होता.

गिरणीमालक बहुतेक भारतीयच होते. स्वदेशी चळवळीत त्यांच्या कापडाचा उदोउदो झाला होता. त्या स्वदेशी कापडाच्या विणकाम खात्यात आपल्या आजोबा-पणजोबांना पाय ठेवता येत नव्हता. 'परके भांडवल विरुद्ध स्वदेशी भांडवल' या चौकटीत हा अनुभव बसतच नाही, आणि म्हणून त्या चौकटीतल्या ग्रंथांत तो सापडत नाही.

बाबासाहेबांचा भांडवलशाहीविरोध भाषणापुरता नव्हता. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. हे खोत कोकणातलेच, म्हणजे पुढे एन्रॉन आले त्याच मुलखातले. जातीने बरेचसे सवर्ण, आणि पूर्णपणे स्वदेशी. १० जानेवारी १९३८ ला कुळांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक तंटा विधेयकाविरुद्ध स्वतंत्र मजूर पक्षाने कम्युनिस्टांच्या बरोबरीने एक दिवसाचा संप केला. ते विधेयकही इंग्रज अधिकाऱ्यांचे नव्हते, मुंबईच्या काँग्रेस मंत्रिमंडळाचे होते. आणि १९४७ च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात त्यांनी मांडले की प्रमुख उद्योग आणि विमा राज्याच्या मालकीचा असावा, शेती हा राज्याचा उद्योग असावा आणि जमीन गावातल्या लोकांना जात-धर्म न पाहता सामूहिक शेतीसाठी द्यावी. यातली 'जात न पाहता' ही अट महत्त्वाची. ती कुठल्याही तिसऱ्या मार्गात मला सापडलेली नाही.

मार्क्सवादाशी बाबासाहेबांचा मतभेद खराच होता. हिंसा आणि हुकूमशाही त्यांना मान्य नव्हती. पण समाजात संघर्ष आहे, तो हितसंबंधांतून येतो, दुःखाला कारण असते, हे त्यांनी कधी नाकारले नाही. 'बुद्ध की कार्ल मार्क्स' मध्ये तर या बाबतीत दोघांचे जुळते असेच ते दाखवतात. त्यांचा वाद साधनांबद्दल होता. उपाध्याय आणि ठेंगडी यांचा वाद संघर्ष आहे की नाही याबद्दल आहे. 'बाबासाहेबांनाही हेच म्हणायचे होते' हे विधान इथे कोसळते.

मग व्यासपीठावर काय करायचे?

सरकारी कंपनी विकली की तिथले आरक्षण संपते, कारण खासगी कंपनीला ते लागू नाही. विकत घेणारा टाटा असो वा परदेशी, आपल्या मुलाच्या दृष्टीने फरक शून्य. नगरपालिकेतला सफाई कामगार कंत्राटी झाला की त्याचा ठेकेदार बहुधा त्याच शहरातला असतो. म्हणून निर्गुंतवणुकीविरुद्ध मजदूर संघासह सगळ्या संघटना एकत्र येत असतील तर आपल्या कर्मचारी संघटनांनी त्या मागणीपुरते सोबत जायला हरकत नाही, असे माझे मत आहे. भारतीय मजदूर संघात अंगणवाडी सेविका आहेत, आपले बांधवही आहेत. ते काही विराट पुरुषाचे भाष्य वाचून तिथे गेलेले नाहीत. त्यांच्याशी बोलणे थांबवू नये.

पण मागणीपत्रात आपल्या तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: खासगी क्षेत्रात आरक्षण, ठेकेदारी बंद करून सफाई कामगारांना कायम करणे, आणि गायरान व पडीक जमिनीवर भूमिहीनांचा हक्क. समोरचा वक्ता परकी कंपन्यांवर तास-तासभर बोलू शकतो. या तीन ओळींवर तो काय बोलतो, ते ऐकावे.

आणि अभ्यासवर्गात एकदा 'एकात्म मानववाद' ची चार व्याख्याने आणि 'राज्ये आणि अल्पसंख्याक' समोरासमोर ठेवून वाचावीत. दोन्ही पुस्तिका लहान आहेत, एका रविवारी होतात. विहारात दोन गट करा. एका गटाने दोन्हींत 'जमीन' हा शब्द कुठे आणि कशासाठी येतो ते काढावे, दुसऱ्याने 'जात' आणि 'वर्ण'. दुपारच्या जेवणानंतर दोन्ही गटांच्या याद्या फळ्यावर लिहा.